वनस्पतीची देहघडण आणि पटलवाहतुकीची प्रथिने

प्रश्न थोडक्यात असा आहे. पेशीच्या आत पटलांची आणि पटलांवरील प्रथिनांची ने-आण करणारी यंत्रणा प्रत्येक पेशीला, प्रत्येक क्षणी लागते. असे असताना तिच्यातील एखाद्या प्रथिनात बिघाड झाला की झाडाचा ठरावीक अवयव किंवा वाढीचा ठरावीक टप्पाच का विस्कटतो? या प्रथिनांना पेशीविभाजनात आणि विकासात स्वतःची विशिष्ट भूमिका आहे, की पेशीचा एकूण कारभारच बिघडल्यामुळे बाकीचे सारे ओघाने बिघडते? आणि एखाद्या उत्परिवर्ती रोपाचे मूळ आखूड राहिलेले दिसले, तर दोष विभाजनाचा आहे की पेशीच्या ध्रुवीयतेचा, म्हणजे पेशीच्या निरनिराळ्या बाजू वेगळ्या ठेवण्याचा, हे प्रयोगशाळेत कसे ठरवावे?

माझे उत्तर असे की भूमिका विशिष्टच आहे. मात्र ती विशिष्टता बहुतेक वेळा त्या प्रथिनाच्या मूळ रासायनिक कामात सापडत नाही. दोन पटले एकमेकांत विलीन करणे किंवा पटलापासून पुटिका, म्हणजे पटलाची छोटी पिशवी, खुडून वेगळी करणे हे काम सगळीकडे जवळपास सारखेच असते. ते प्रथिन पेशीचक्राच्या कोणत्या क्षणी तयार होते, कोणत्या पटलावर पोहोचते आणि तेथे त्याला कोणते जोडीदार मिळतात, यावरून त्याची विकासातील भूमिका ठरते. ही गोष्ट गेल्या तीन दशकांतील प्रयोगांनी इतक्या स्पष्टपणे दाखवली आहे की तिच्याकडे निव्वळ मत म्हणून पाहण्याचे कारण उरलेले नाही.

प्रथम विभाजनाकडे पाहू. प्राणिपेशी विभागताना तिच्या कडेला खाच पडते आणि आकुंचन पावणारे कडे पेशीला बाहेरून आत आवळत जाते. वनस्पतिपेशीभोवती ताठ भित्तिका असल्यामुळे तिला हा मार्ग उपलब्ध नाही. तिचे परिकलविभाजन, म्हणजे केंद्रकविभाजनानंतर पेशीचे दोन भाग होणे, आतून बाहेर होते. केंद्रकविभाजन संपत आले की दोन नव्या केंद्रकांच्या मध्ये सूक्ष्मनलिका आणि ॲक्टिनच्या तंतूंची एक रचना उभी राहते, तिला फ्रॅग्मोप्लास्ट म्हणतात. गॉल्गी संकुलाच्या बाहेरील बाजूस असलेल्या ट्रान्स-गॉल्गी जाळ्यातून निघालेल्या पुटिका या सूक्ष्मनलिकांवरून मध्यपातळीवर येतात आणि एकमेकींत विलीन होऊ लागतात. आधी नळ्या आणि पुटिकांचे जाळे, मग नुसत्या नळ्यांचे जाळे, मग भोके असलेला सपाट पत्रा आणि शेवटी सलग चपटा कोश, असे हे टप्पे १९९५ मध्ये तंबाखूच्या बीवाय-२ पेशींवरील इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या अभ्यासातून मांडले गेले. हा कोश म्हणजेच पेशीपटल (सेल प्लेट); पेशीभोवतीचे प्रद्रव्यपटल ते वेगळे. ते मध्यापासून कडांकडे पसरत जाते आणि अखेरीस मातृपेशीच्या प्रद्रव्यपटलाला जाऊन मिळते. कोशाच्या पोकळीत आलेल्या पेक्टिन, हेमिसेल्युलोज आणि काही काळापुरत्या साठलेल्या कॅलोज यांपासून नवी भित्तिका आकार घेते. थोडक्यात, वनस्पतिपेशीचे दोन भाग होणे ही मुळातच पटलवाहतुकीची घटना आहे. पुटिका आल्या पण विलीन झाल्या नाहीत, तर केंद्रके दोन आणि पेशी एकच अशी अवस्था राहते.

ही यंत्रणा कशी हाती लागली याचा इतिहास थोडा सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच आहे. गेर्ड युर्गेन्स हे मूळचे फळमाशीच्या भ्रूणावर काम केलेले शास्त्रज्ञ. त्यांनी आणि उलरिके मायर व इतर सहकाऱ्यांनी मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस या छोट्या वनस्पतीत भ्रूणाची देहरचना बिघडवणाऱ्या उत्परिवर्तनांचा पद्धतशीर शोध घेतला आणि १९९१ मध्ये नऊ जनुके जाहीर केली. त्यांतील काही जनुकांच्या अभावी भ्रूणाचा वरचा, मधला किंवा खालचा भाग नाहीसा होत असे, काहींमुळे एकूण आकार बिघडे, तर क्नोल आणि कॉयले या दोघांमुळे आतून बाहेरच्या ऊतींचे थर, विशेषतः बाह्यत्वचा, नीट घडत नसे. फळमाशीच्या अनुभवावरून अनेकांची अपेक्षा अशी होती की ही जनुके इतर जनुकांचे नियंत्रण करणारी, म्हणजे देहाचा आराखडा ठरवणारी असतील. मोनोप्टेरोस हे जनुक खरोखरच तसे निघाले. ते ऑक्झिन या वाढीच्या संप्रेरकाला प्रतिसाद देणारे नियामक प्रथिन तयार करते. इतरांची ओळख पटत गेली तसे चित्र बदलले. नोम हे पुटिका तयार करण्याच्या यंत्रणेतील प्रथिन निघाले, क्नोल आणि कॉयले पटलविलयनाच्या यंत्रणेतील निघाले, फाकेल हे स्टेरॉल तयार करणारे विकर निघाले, तर गुर्केचा संबंध मेदाम्लांच्या निर्मितीशी निघाला. फास हे प्रथिन-फॉस्फटेझचे नियामक उपएकक असून विभाजनाची पातळी आखण्यासाठी आवश्यक ठरले. देहरचना बिघडवणाऱ्या उत्परिवर्तनांचा शोध घेताना वैज्ञानिक पुन्हा पुन्हा पटलांपाशीच येऊन पोहोचत होते, हा योगायोग मानणे मला कधीच पटलेले नाही.

क्नोलचे जनुक १९९६ मध्ये वोल्फगांग लुकोविट्झ, मायर आणि युर्गेन्स यांनी ओळखले. ते सिंटॅक्सिन गटातील प्रथिन तयार करते. सिंटॅक्सिन हा स्नेअर या मोठ्या कुळाचा एक भाग आहे. पुटिकेवरील एक आणि लक्ष्यपटलावरील सहसा तीन अशा चार सर्पिल पट्ट्या एकमेकींभोवती घट्ट गुंफल्या जातात आणि त्या ओढीने दोन पटले इतकी जवळ येतात की त्यांचे मेदथर एक होतात, हे स्नेअर प्रथिनांचे काम. यीस्ट आणि चेतापेशींमध्ये ही यंत्रणा उलगडणाऱ्या रँडी शेकमन, जेम्स रॉथमन आणि थॉमस स्यूडॉफ यांना २०१३ चा नोबेल पुरस्कार मिळाला. क्नोलचे वैशिष्ट्य असे की ते फक्त विभागणाऱ्या पेशींत तयार होते आणि १९९७ मध्ये दाखवले गेल्याप्रमाणे ते पेशीपटलावरच जमा होते. क्नोल नसलेल्या भ्रूणात पुटिका तयार होतात, फ्रॅग्मोप्लास्ट त्यांना मध्यपातळीवर आणूनही पोहोचवतो. पण तेथे त्या विलीन न होता नुसत्या रांगेने पडून राहतात. परिणामी पेशींत अर्धवट भित्तिका आणि एकाहून अधिक केंद्रके दिसतात, बाहेरच्या थरातील पेशी फुगतात आणि रोप म्हणजे एक ओबडधोबड गोळा होतो. ज्याला आपण ऊतींच्या रचनेतील दोष समजत होतो, तो मुळात विलयनाचा दोष होता.

कॉयले हे सेक१/मंक१८ कुळातील प्रथिन आहे. सिंटॅक्सिनचा रेणू स्वतःवरच दुमडून बंद राहू शकतो आणि त्या स्थितीत तो जोडीदारांशी गुंफला जात नाही. कॉयले क्नोलला उघड्या स्थितीत स्थिर ठेवते, असे २०१२ मध्ये दाखवले गेले. क्नोलचे जोडीदारही आता निश्चित झाले आहेत: एका संकुलात स्नॅप३३ आणि व्हॅम्प७२१ किंवा व्हॅम्प७२२, तर दुसऱ्यात एनपीएसएन११, सिप७१ आणि पुन्हा त्याच दोन व्हॅम्पपैकी एक. २०१७ मध्ये पुढे आलेली माहिती मला विशेष महत्त्वाची वाटते. ही संकुले पेशीपटलापाशी पोहोचल्यावर प्रथमच जुळतात असे नाही. ती आंतर्द्रव्यजालिकेतच जुळून, निष्क्रिय स्वरूपात, एकाच पटलावर बसून गॉल्गीमार्गे विभाजनाच्या पातळीपर्यंत येतात. तेथे ती आधी सुटी केली जातात, मग कॉयलेच्या मदतीने क्नोल पुढच्या विलयनासाठी तयार होते. पेशीपटलाच्या बाबतीत येणाऱ्या सगळ्या पुटिका सारख्याच असतात आणि आरंभी त्यांच्यासाठी वेगळे असे लक्ष्यपटलच नसते, हे ध्यानात घेतले की या व्यवस्थेची गरज समजते. वाटेत कोठेही विलयन होऊ नये, आणि ठिकाणी पोहोचल्यावर मात्र ते विनाविलंब व्हावे, अशी दुहेरी अट येथे पाळायची असते.

आता विशिष्टतेचा मुद्दा. अरॅबिडॉप्सिसमध्ये साठच्या आसपास स्नेअर प्रथिने आहेत. मग विभाजनासाठी क्नोलच का? २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगमालेत क्नोलच्याच नियामक भागाच्या अधीन इतर सिंटॅक्सिन तयार करून ती क्नोलविरहित रोपात घालण्यात आली. त्याच्या अगदी जवळचे सिप११२ क्नोलची जागा घेऊ शकले, रोपे वाचली. सिप१२१ मात्र योग्य वेळी तयार होऊनही ते काम करू शकले नाही. हे सिप१२१ म्हणजे भुरीसारख्या बुरशीच्या आक्रमणाविरुद्ध पेशीभित्तिकेशी संरक्षण उभारणारे पेन१ हेच प्रथिन. म्हणजे योग्य वेळ ही एक अट झाली, रेणूची योग्य घडण ही दुसरी. उलट बाजूने पाहिले तर सिप११२ निसर्गतः पुरेसे तयारच होत नाही, म्हणून ते क्षमता असूनही क्नोलची उणीव भरून काढत नाही. वेळेची ही अट क्नोलच्या नियामक भागातच लिहिलेली आहे: त्यात विभाजनकाळाची खूण असलेले क्रम आहेत आणि मिब३आर गटातील नियामक प्रथिने त्यांना ओळखून केंद्रकविभाजनाच्या सुमारास जनुक चालू करतात. विभाजन आटोपले की क्नोल प्रथिन पेशीपटलावरून उचलले जाते आणि रिक्तिकेत नेऊन नष्ट केले जाते.

क्नोल गेल्यावरही भ्रूण रोपाच्या अवस्थेपर्यंत पोहोचतो, काही विभाजने पूर्णही होतात, हे कसे, असा प्रश्न वाचकाला पडला असेल. याचे उत्तर २०१८ मध्ये मिळाले. सिप१३२ हे दुसरे सिंटॅक्सिन क्नोलच्या जोडीने हे काम करते. ते उत्क्रांतीच्या दृष्टीने फार जुने आहे, तर क्नोल तुलनेने नवे. कॉयलेचेही तसेच: त्याचे नातेवाईक सेक१बी काही प्रमाणात त्याची उणीव भरून काढते. क्नोल आणि कॉयले दोन्ही एकाच वेळी नसली तर मात्र भ्रूणाचे विभाजन आरंभीच अडते आणि अनेक केंद्रके असलेली एकच मोठी पेशी उरते. एका जनुकाच्या अभावी सौम्य परिणाम दिसला म्हणून ते जनुक बिनमहत्त्वाचे ठरवू नये. पटलवाहतुकीत तर नाहीच नाही.

विलयनाच्या आधी पुटिका ओळखून थोपवून धरणारी प्रथिनेही लागतात. रॅब-ए२ आणि रॅब-ए३ ही लहान जीटीपेझ प्रथिने (कळीसारखी चालू-बंद होणारी) पेशीपटलाच्या वाढत्या कडांशी सापडतात, ट्रॅप-२ हे संकुल पेशीपटल उभे राहताना आवश्यक असते, आणि एक्सोसिस्ट हे आठ उपएककांचे संकुल आरंभी आणि पुन्हा पेशीपटल मातृभित्तिकेला मिळाल्यानंतरच्या परिपक्वतेच्या काळात दिसते. त्यांच्याविषयी एवढे पुरे. जिकडे वाचकाने अधिक लक्ष द्यावे ती गोष्ट म्हणजे पटल काढून घेण्याची प्रक्रिया. पुटिकांमधून येणारे पटल गरजेपेक्षा खूप जास्त असते. सपाट, गुळगुळीत पेशीपटल हवे असेल तर त्याचा मोठा हिस्सा परत उचलावा लागतो. येथे पुटिकेभोवती आवरण करणारे क्लॅथ्रिन, पुटिका खुडणाऱ्या डायनॅमिनसदृश डीआरपी१ए आणि टीप्लेट संकुल काम करतात. डायनॅमिन कुळातील असेच प्रथिन पेशीपटलावर असल्याचे १९९० च्या दशकात देशपाल वर्मा यांच्या प्रयोगशाळेने सोयाबीनमध्ये दाखवले होते आणि त्याला फ्रॅग्मोप्लास्टिन असे नाव दिले होते. टीप्लेट संकुल घेंट येथील संशोधकांनी उलगडले. हे संकुल प्राण्यांत आणि यीस्टमध्ये नाही, वनस्पतींत मात्र प्रद्रव्यपटलावरील अंतर्ग्रहणासाठी (पटल आणि त्यावरील प्रथिने आत घेण्यासाठी) ते अनिवार्य आहे. भर घालणे आणि काढून घेणे या दोन्ही क्रिया एकाच पटलावर, एकाच वेळी चालू असतात आणि त्यांचा तोल ढळला की पेशीपटल वाकडेतिकडे किंवा अर्धवट राहते.

याच संदर्भात एक वाद झाला होता, त्यावर माझे मत स्पष्ट सांगतो. २००६ मध्ये असे प्रतिपादन झाले की पेशीपटलाचे साहित्य मोठ्या प्रमाणात पेशीच्या पृष्ठभागावरून अंतर्ग्रहणाने आत आलेले असते. पुढच्याच वर्षी ट्युबिंगेनच्या गटाने दाखवले की अंतर्ग्रहणाच्या पुढील मार्गात अडथळा आणला तरी परिकलविभाजन पूर्ण होते, नव्याने तयार झालेल्या प्रथिनांचा गॉल्गीमार्गे होणारा पुरवठा रोखला तर मात्र ते थांबते. पृष्ठभागावरील प्रथिने पेशीपटलात येतात हे खरेच आहे. फ्लूरोसंट रंगाने ते सहज दिसते. पण एखादी वस्तू तेथे येते आणि तिच्यावाचून काम अडते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुराव्यांचा भार माझ्या मते नव्या पुरवठ्याच्या बाजूने आहे. अंतर्ग्रहणाचे खरे महत्त्व पेशीपटलाच्या घडणीपेक्षा त्याच्या मर्यादा राखण्यात आहे.

भ्रूणपोष, म्हणजे बीजात भ्रूणाला अन्न पुरवणारी ऊती, हिच्या बाबतीत हीच यंत्रणा वेगळ्या वेळापत्रकाने चालते. बहुतेक सपुष्प वनस्पतींत भ्रूणपोषाची केंद्रके आधी भित्तिकांशिवाय विभागत राहतात आणि नंतर एका टप्प्यावर त्यांच्यामध्ये भित्तिका उभ्या राहतात. कोकणातल्या वाचकाला याचे उदाहरण दूर शोधायला नको. शहाळ्याचे पाणी म्हणजे नारळाचा द्रवरूप भ्रूणपोष; त्यात सुटी केंद्रके असतात, आणि कडेला पेशीभित्तिका तयार होऊन साठत गेलेला थर म्हणजे आधी मलई आणि मग खोबरे. अरॅबिडॉप्सिसमध्ये भ्रूणपोषाच्या या भित्तिका उभ्या राहण्यासाठीही क्नोल लागते. ते नसले तर भ्रूणपोष पेशीमय होत नाही. दाण्याचा आकार आणि वजन या टप्प्याच्या वेळेशी निगडित असल्याने हा विषय पीकशास्त्रासाठीही मोलाचा आहे.

आता विकासाच्या दुसऱ्या अंगाकडे वळू. नोम नसलेला भ्रूण गोल किंवा शंकूसारखा होतो, त्याला मूळ नसते आणि बीजपत्रे नसतात किंवा एकमेकांत मिसळलेली असतात. सामान्यतः युग्मनजाचे (फलनानंतरच्या पहिल्या पेशीचे) पहिले विभाजन असमान असते, नोमच्या अभावी ते बहुधा समान भागांत होते. नोम हे एआरएफ नावाच्या लहान जीटीपेझला कार्यान्वित करणारे प्रथिन आहे. एआरएफ कार्यान्वित झाले की पटलावर आवरणप्रथिने जमतात आणि पुटिका तयार होते. एवढे सामान्य काम करणारे प्रथिन भ्रूणाची वर-खालची दिशा कशी काय ठरवते? १९९९ मध्ये थॉमस स्टाइनमान आणि सहकाऱ्यांनी याचा दुवा दाखवला. ऑक्झिन पेशीबाहेर सोडणारे पिन१ हे प्रथिन पेशीच्या एकाच बाजूस असते आणि शेजारशेजारच्या पेशींत ती बाजू जुळलेली असते. त्यामुळेच ऑक्झिनचा प्रवाह एका दिशेने वाहतो. नोमच्या अभावी ही जुळणी नाहीशी होते, प्रत्येक पेशीतील पिन१ वाटेल त्या दिशेला दिसते. प्रवाहाला दिशा राहिली नाही की मूळ कोठे निघावे हे ठरवणारा ऑक्झिनचा संचयही होत नाही.

येथेही ओघाने होणाऱ्या बिघाडाची शंका घेता आली असती, आणि ती घेणे योग्यच होते. तिचे निरसन २००३ च्या एका अतिशय सुबक प्रयोगाने झाले. ब्रेफेल्डिन-ए हे बुरशीपासून मिळणारे द्रव्य नोमसारख्या काही प्रथिनांना निष्क्रिय करते. मुळांना ते दिले की पिन१ प्रद्रव्यपटलावरून नाहीसे होऊन पेशीच्या आतील गोळ्यांत साठते आणि द्रव्य धुऊन काढले की ते परत जागेवर जाते. यावरून पिन१ सतत आत-बाहेर फिरत असते हे आधीच कळले होते. निको गेल्डनर आणि सहकाऱ्यांनी नोममधील ६९६ व्या स्थानावरील मेथिओनिन बदलून तेथे ल्यूसिन घातले. एवढ्या बदलाने नोमवर ब्रेफेल्डिन-एचा परिणाम होईनासा झाला. अशा रोपांना ते द्रव्य दिले तेव्हा पिन१ आपल्या जागी टिकून राहिले, ऑक्झिनची वाहतूक चालू राहिली. प्रद्रव्यपटलावरील प्रोटॉन-एटीपेझसारखी काही इतर प्रथिने मात्र पूर्वीप्रमाणेच आत अडकली. म्हणजे नोमचे काम सर्व वाहतुकीला सारखे लागू नाही. पिन१ची ने-आण ही त्याची खास जबाबदारी आहे. नोम आणि त्याचे भावंड जीएनएल१ यांचे मूळ काम गॉल्गी आणि आंतर्द्रव्यजालिका यांच्या दरम्यानचे होते आणि ते आजही चालू आहे, हे २००७ मध्ये स्पष्ट झाले. जीएनएल१च्या जागी नोम चालते, नोमच्या जागी जीएनएल१ चालत नाही. जुन्या प्रथिनाने जुने काम न सोडता नवी जबाबदारी स्वीकारल्याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

विभाजन आणि ध्रुवीयता हे दोन स्वतंत्र अध्याय वाटतात, पण पेशीत ते एकमेकांना छेदतात. विभागणाऱ्या पेशीत आत घेतलेले पिन१ पुन्हा आपल्या बाजूकडे न जाता पेशीपटलाकडे वळवले जाते. हा बदल बिग१ ते बिग४ या नोमच्याच विस्तृत कुळातील प्रथिनांमुळे होतो, असे २०१४ मध्ये दाखवले गेले. त्यामुळे विभाजन संपते तेव्हा नव्या भित्तिकेच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे दोन्ही कन्यापेशींत, पिन प्रथिने असतात. एका कन्यापेशीसाठी ती बाजू योग्य, दुसरीसाठी अयोग्य. अयोग्य बाजूवरील पिन प्रथिने अंतर्ग्रहणाने उचलली गेली नाहीत, तर मुळाच्या टोकाशी होणाऱ्या प्रत्येक विभाजनागणिक ऑक्झिनचा मार्ग बिघडत जाईल. पिन२ बाबत २००८ मध्ये आढळले की ही साफसफाई पटलातील स्टेरॉलच्या योग्य घडणीवर अवलंबून असते. पुढे २०१० मध्ये हेही दिसले की क्नोलला पेशीपटलापुरते मर्यादित ठेवून शेजारच्या प्रद्रव्यपटलावर पसरू न देण्यासाठीही स्टेरॉल आणि डीआरपी१ए लागतात. १९९१ च्या यादीतील फाकेल हे स्टेरॉलचे जनुक भ्रूणाची रचना का बिघडवत असावे, याचा एक विश्वासार्ह धागा येथे सापडतो.

इतर अवयवांतील उदाहरणे पुष्कळ आहेत; दोनच सांगतो. व्हीटीआय११ हे स्नेअर प्रथिन रिक्तिकेकडे जाणाऱ्या वाहतुकीत असते. ते नसलेल्या रोपाचे खोड नागमोडी वाढते आणि गुरुत्वाकर्षणाला नीट प्रतिसाद देत नाही, कारण खोडाच्या अंतस्त्वचेतील स्टार्चकण रिक्तिकेच्या पटलामुळे अडून राहतात आणि खाली बसू शकत नाहीत. त्याचे जुळे भावंड व्हीटीआय१२ गेले तर असे काही दिसत नाही, दोन्ही गेली तर भ्रूणच जगत नाही. दुसरे उदाहरण एससीडी१ या प्रथिनाचे: त्याच्या बिघाडात पर्णरंध्राच्या रक्षकपेशी अर्धवट विभागलेल्या राहतात. सर्वत्र असणारे प्रथिन ठरावीक ठिकाणीच का जाणवते, याचे उत्तर या दोन्हींत आहे: ज्या पेशीला त्या मार्गाची गरज सर्वांत जास्त आणि पर्यायी प्रथिन सर्वांत कमी, तेथे दोष प्रथम दिसतो.

राहिला आखूड मुळाचा प्रश्न. प्रथम मुळाच्या टोकातील विभाज्य भागात पेशींची संख्या मोजावी आणि वाढ पूर्ण झालेल्या भागात पेशींची लांबी मोजावी. संख्या कमी असेल तर विभाजनाकडे, लांबी कमी असेल तर पेशीच्या प्रसरणाकडे बघावे. संख्या कमी असणे म्हणजे परिकलविभाजनात दोष असणे नव्हे. ऑक्झिनचा संचय बिघडला तरी विभाज्य भाग लहान होतो. परिकलविभाजनाच्या दोषाची खरी खूण म्हणजे अर्धवट भित्तिका आणि एका पेशीत दोन किंवा अधिक केंद्रके. भित्तिकेसाठी प्रोपिडियम आयोडाइड किंवा कॅल्कोफ्लोर आणि केंद्रकांसाठी डॅपी वापरून कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली ही खूण शोधावी. जुन्या, फुगलेल्या पेशींत दुय्यम विकृती इतक्या असतात की तेथून निष्कर्ष काढणे धोक्याचे. विभाज्य भागातील तरुण पेशीच पाहाव्यात. क्नोलची प्रतिद्रव्याने केलेली तपासणी येथे फार उपयोगी पडते. क्नोल मध्यपातळीवर तुकड्यातुकड्यांत दिसले तर विलयनात अडचण आहे. पेशीपटल पूर्ण असून क्नोल बाजूच्या पटलावर पसरलेले दिसले तर दोष उचलून घेण्याच्या टप्प्यात आहे.

ध्रुवीयतेसाठी पिन१ आणि पिन२ यांची जागा तपासावी, डीआर५ या ऑक्झिन-निदर्शकाचा मुळाच्या टोकाशी असलेला संचय पाहावा आणि रोप आडवे ठेवून मुळाचा वळणकोन मोजावा. ब्रेफेल्डिन-ए वापरायचे असेल तर वनस्पती कोणती हे विसरू नये. अरॅबिडॉप्सिसच्या मुळात जीएनएल१ या द्रव्याला दाद देत नसल्याने गॉल्गी बरीचशी टिकून राहते. तंबाखूच्या पेशींत मात्र गॉल्गी आंतर्द्रव्यजालिकेत मिसळून जाते. एका वनस्पतीतील निरीक्षण दुसरीला जसेच्या तसे लावून काढलेले निष्कर्ष मी परीक्षक म्हणून अनेक हस्तलिखितांत पाहिले आहेत. फ्लूरोसंट प्रथिन जोडतानाही तीच काळजी घ्यावी. फुलकोबीच्या विषाणूचा ३५एस प्रवर्तक (जनुक चालू करणारा नियामक भाग) सोयीचा असला तरी तो प्रथिन नको तेथे, नको तेवढे तयार करतो आणि विभागणाऱ्या पेशींत उलट कमी पडू शकतो. पटलवाहतुकीच्या प्रथिनांसाठी त्यांचा स्वतःचा प्रवर्तकच वापरावा.

जनुक पूर्णपणे निकामी केल्यास परागकणच मरत असतील, जसे टीप्लेटच्या बाबतीत होते, तर इस्ट्राडायॉलने चालू करता येणाऱ्या, ठरावीक जनुक दाबणाऱ्या कृत्रिम सूक्ष्म-आरएनएचा मार्ग घ्यावा आणि द्रव्य दिल्यापासून ठरावीक अंतराने निरीक्षणे नोंदवावीत. जो दोष आधी दिसतो तो मूळ दोषाच्या जवळचा असतो. आणि विभाजन व ध्रुवीयता यांची फारकत करायची असेल तर सर्वांत निर्णायक प्रयोग पुनःस्थापनेचा आहे: मूळ, निर्दोष प्रथिन क्नोलच्या प्रवर्तकाखाली उत्परिवर्ती रोपात घालावे, म्हणजे ते केवळ विभाजनकाळात तयार होईल. भित्तिका पूर्ण होऊ लागल्या पण पिन प्रथिनांची दिशा तशीच बिघडलेली राहिली, तर त्या प्रथिनाला दोन स्वतंत्र कामे आहेत. दोन्ही दोष एकदम नाहीसे झाले, तर ध्रुवीयतेचा बिघाड अपुऱ्या विभाजनातून आला असण्याची शक्यता बळावते. मात्र असा निष्कर्ष काढण्याआधी ते प्रथिन विभाजन संपल्यावर पेशीत किती काळ शिल्लक राहते हे फ्लूरोसंट खुणेने पाहून घ्यावे, कारण सगळीच प्रथिने क्नोलइतक्या लवकर रिक्तिकेत जात नाहीत, आणि विभाजनानंतर टिकून राहिलेले प्रथिन ध्रुवीयतेचे कामही गुपचूप सांभाळू शकते.